दोन सुतांवरून स्वर्ग

भोसरीच्या गाळ्यात मी खिशातून काडेपेटी काढली तेव्हा लेथवरचे मास्तर दचकले. "साहेब, इथं विडी नको. खाली रॉकेल सांडलंय." मी काडेपेटी उघडून दाखवली. आत काड्या नव्हत्या. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅल्युमिनियमची एक टोपी निजली होती, रुपयाच्या नाण्याहूनही लहान. मास्तरांनी ती चिमटीत धरली, ट्यूबलाइटकडे नेली आणि चष्मा कपाळावर सरकवून एका डोळ्याने आत पाहिलं.

"कशाची? शेगडीची?"

"विमानाची."

मास्तरांनी आधी टोपीकडे पाहिलं, मग माझ्या पायांतल्या चपलांकडे. विमानाची कामं घेऊन येणारी माणसं चपला घालून, पीएमपीच्या बसने येत नाहीत, असा त्यांचा अनुभव असावा.

"नग किती?"

"एक."

टर्नरला दुखवायचं असेल तर शिवी द्यायची गरज नाही, 'एकच नग' म्हटलं की पुरतं. लेथवर एक वस्तू कातायला जेवढी मांडामांड लागते तेवढीच हजार वस्तूंना लागते. टूल घासा, चक बदला, गिअर लावा, जॉब सेंटरला आणा. आणि हे सगळं झाल्यावर पंधरा मिनिटांत वस्तू तयार. जो खर्च हजार भावंडांनी वाटून घ्यायचा तो त्या एकुलत्या एकीच्या डोक्यावर बसतो. "हजार करून घ्या," मास्तर म्हणाले, "अगदी स्वस्तात पडेल." क्षणभर मोह झाला. पण अशा हजार टोप्या वापरून संपवायची तर मला आजवर जगलो तसे आणखी चार-पाच जन्म लागले असते, आणि त्यांतल्या प्रत्येक जन्मात हाच नाद लागेल याची खात्री कोण देणार?

ही टोपी म्हणजे कॉक्स ०४९ या इंजिनाचं डोकं. लिरॉय कॉक्स नावाच्या गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या सँटा अ‍ॅना गावी खेळणी करायला घेतली. आधी लाकडी बंदुका, मग धातूच्या मोटारी, मग विमानांची इंजिनं. १९५६ साली त्यांचं 'बेब बी' बाजारात आलं आणि अमेरिकेतल्या पोरांच्या एका पिढीने त्याच्यावर बोटं सोलून घेतली. ०४९ म्हणजे एका घन इंचाचे हजारावे एकोणपन्नास भाग, आपल्या हिशेबात सुमारे ०.८ सीसी. माझ्या ११० सीसीच्या स्कूटरमधून अशी एकशे तीसच्या वर इंजिनं निघतील. सिलिंडरचा बोअर १०.३ मिलिमीटर, स्ट्रोक ९.८. पिस्टन करंगळीच्या पेराएवढा. पण खेळण्यातलं म्हणून कामात कसूर नाही: सिलिंडर अख्ख्या पोलादी दांड्यातून कातलेला, त्याच्या अंगावर चकत्या चकत्यांची नक्षी, आणि पाठीवर इंधनाची चिमुकली टाकी, शाळेला निघालेल्या पोराच्या दप्तरासारखी. कॉक्स आपल्या मालावर 'थिंबल ड्रोम' असं नाव घालत असत. थिंबल म्हणजे शिवणकामातलं अंगुस्तान. हे नाव ठेवणारा माणूस विनोदी असला पाहिजे, किंवा निदान त्याच्या घरी कुणीतरी शिवत असलं पाहिजे.

मला हे इंजिन भाच्याने आणून दिलं. तो अमेरिकेतच असतो. तिथे लोक सुटीच्या दिवशी घरापुढे टेबल मांडून अडगळ विकतात आणि भाच्याला कुणाच्याही अडगळीत मामाची आठवण येते. मी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो, तेव्हापासूनचा हा नाद. मधे सदतीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. निवृत्तीनंतर हाताला कंप सुटायच्या आत पुन्हा एक विमान दोन तारांवर गोल फिरवावं, एवढीच इच्छा होती.

आणि ते डोकं मीच जाळलं. कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. डोक्याच्या आत प्लॅटिनमच्या मिश्रधातूची एक केसासारखी तार वेटोळं घालून बसलेली असते. तिला दीड व्होल्ट दिले की ती लाल होते, इंधनाचा फवारा तिला शिवला की पेटतो. दीड व्होल्ट म्हणजे साधा मोठा सेल. माझा सेल मैदानावर ऐन वेळी बसला. शेजारी स्कूटर उभी होती. स्कूटरची बॅटरी बारा व्होल्टची असते हे मला ठाऊक होतं. पण 'नुसतं एक क्षणभर लावून बघू' हे वाक्यही मला ठाऊक होतं, आणि माणसाच्या हातून होणारं नुकसान बहुतेक या दुसऱ्या वाक्याने होतं. क्षणभरही लागला नाही. आतून एक पांढरा उजेड झाला, हळदीकुंकवाच्या फोटोत फ्लॅश पडावा तसा, आणि मग कायमचा अंधार.

कॉक्सच्या डोक्याची गंमत अशी की तार आणि डोकं एकजीव असतं. तार गेली की डोकंच बदलायचं. दात दुखला म्हणून जबडा नवा बसवावा तसं. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, नवीन हेड मिळतं, पाठवतो." पण माझ्या मनात एक वेगळा किडा वळवळायला लागला होता. मोठ्या मॉडेल इंजिनांना सुटे ग्लो प्लग असतात, स्क्रूसारखे फिरवून बसवायचे आणि गेले की फिरवून काढायचे. मग या टोपीच्या जागी आपणच एक टोपी कातावी, जिचे बाहेरचे आटे कॉक्सच्या सिलिंडरला बसतील आणि मधल्या भोकातले आटे त्या सुट्या प्लगला. पुढे कितीही तारा जाळा, डोकं शाबूत. तर्काने पाहिलं तर नवं हेड मागवणंच स्वस्त होतं. तर्काने पाहिलं तर विमान उडवणंही कुठे बसतं?

त्या तारेबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं. १८१७ साली हम्फ्री डेव्ही यांच्या लक्षात आलं की तापलेली प्लॅटिनमची तार ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली तर ज्योत नसतानाही लाल राहते. प्लॅटिनम स्वतः जळत नाही, खर्च होत नाही. नुसतं उभं राहून दुसऱ्यांचं जुळवून देतं, आणि त्या उष्णतेवर आपण शेकत बसतं. लग्न जुळवणाऱ्या आत्याबाई आठवल्या तर तो दोष माझा नाही. मिथेनॉलच्या वाफेशी प्लॅटिनमचं असंच जमतं. अमेरिकेतल्या रे आर्डेन यांनी १९४७ साली ही तार छोट्या प्लगमध्ये घालून विमानवेड्यांच्या हाती दिली. त्याआधी एवढ्याशा इंजिनाला ठिणगी द्यायला कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी विमानात बसवावी लागे. नवऱ्यापेक्षा वऱ्हाडच जड. आर्डेन यांच्या प्लगला सेल फक्त सुरुवातीला लावायचा. इंजिन धडधडायला लागलं की चिमटा काढून घ्या. मागच्या स्फोटाची ऊब आणि मिथेनॉलचा सहवास यांवर तार पुढच्या स्फोटापर्यंत लाल राहते.

या सुट्या प्लगच्या आट्यांचा व्यास पाव इंच असतो आणि इंचाला बत्तीस आटे. कॉक्सच्याच घराण्यात 'टी डी ०१०' नावाचं एक शेंडेफळ होतं. त्याच्या पिस्टनचा व्यास ०.२३७ इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर. प्लग ६.३५ मिलिमीटरचा. म्हणजे ज्या पिस्टनसाठी तो बसवायचा त्याच्यापेक्षा प्लगच जाड! त्या मानाने माझं ०४९ अगदी ऐसपैस. दहा मिलिमीटरच्या खोलीत सहा मिलिमीटरचा पलंग.

"पाव इंच म्हणजे दोन सूत," मास्तर म्हणाले. आपल्या देशात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, इंच-फूट गेले, सेंटीमीटर आले. शाळेत मी मेट्रिक शिकलो, मास्तरही शिकले असणार. पण इंचाचा आठवा भाग 'सूत' होऊन गाळ्यागाळ्यांतून, सुतारांच्या पट्ट्यांतून, नळवाल्यांच्या पिशव्यांतून अजून सुखाने नांदतो. इंग्रज गेले, त्यांचा इंच गेला, इंचाचं हे पोर मात्र इथल्या घरात नाव बदलून राहिलं. मला ते ऐकून बरं वाटलं. दोन सुतांवरून स्वर्ग गाठायचा होता. त्यातली दोन सुतं तर जमली.

भोकात आटे पाडणारा बत्तीस आट्यांचा टॅप मिळवणं हे दुसरं प्रकरण. त्यासाठी मी मुंबईला गेलो, नागदेवी स्ट्रीटवर. तिथे ज्या वस्तूचं नाव तुम्हाला सांगता येत नाही ती वस्तूही मिळते, फक्त हाताने आकार करून दाखवावा लागतो. "पाव इंची टॅप," म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, "किती आट्यांचा?" आणि माझं उत्तर यायच्या आत काउंटरवर एकेक ठेवत गेला: वीसचा, सव्वीसचा, अठ्ठावीसचा. सगळे पाव इंचीच, सगळे सख्खे दिसणारे, आणि एकाचं दुसऱ्यात काही बसणार नाही. बत्तीस म्हणताच तो थांबला, आत गेला आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आला. तळाशी, तेलकट कागदात, एक होता. त्यावर 'एमई' ही अक्षरं कोरलेली. मी कापऱ्या हाताने पैसे दिले. परतीच्या गाडीत लोणावळा यायच्या बरंच आधी मला आठवलं की एमई ही ब्रिटनमधल्या हौशी मॉडेल बनवणाऱ्यांची आट्यांची जात. वाफेच्या छोट्या बॉयलरांना वापरतात ती. व्यास तोच, बत्तीस तेच. पण तिच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा आणि ग्लो प्लगच्या आट्यांचा ६० अंशांचा. पाच अंशांचा फरक! बोरघाटातल्या बोगद्यांतून जाताना मी त्या पाच अंशांचा एवढा विचार केला की चिक्कीवाला येऊन गेलेला कळला नाही.

मास्तरांना ही शोकांतिका सांगितली. त्यांनी टॅप हातात घेतला, नखाने आटे चाचपले आणि म्हणाले, "अ‍ॅल्युमिनियम आहे ना? ते समजून घेतं." मऊ धातू पाच अंशांचा मतभेद पोटात घालतो, आणि वाफ तसंही आटे अडवत नाहीत; प्लगच्या मानेखालचा तांब्याचा वॉशर अडवतो. बँकेतली माझी काही वर्षं वॉशरविना गेली, एवढं मनात आलं.

बाहेरच्या आट्यांना मात्र टॅप-डाय नव्हता, ते लेथवरच पाडायचे होते. जळालेलं हेड समोर होतं. पिच गेजची पानं एकामागून एक लावत गेलो आणि एक पान किल्ली कुलपात बसावी तसं बसलं. पण आटे इंचातले आणि मास्तरांच्या लेथचा लीडस्क्रू मिलिमीटरमधला. मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. खिळ्यावर, मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या मागे, एक मोठं दात्यांचं चाक लटकत होतं. "एकशे सत्तावीस," ते म्हणाले. आवाजात असा आदर, की ते चाक घरातलं एखादं वडीलधारं असावं. १९५९ साली इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी मिळून एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असं ठरवलं. पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. १२७ ही मूळ संख्या, तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. म्हणून इंच आणि मिलिमीटर यांच्यात तंतोतंत तडजोड करायची तर १२७ दात्यांचं चाकच लागतं, त्याहून लहानाने भागत नाही. जगातल्या दोन भांडकुदळ मोजमापांचा समेट भोसरीत एका खिळ्यावर धूळ खात पडला होता.

आणि हे चाक लावलं की एक पथ्य येतं. एरवी आटे पाडताना टर्नर अर्धा नट सोडून कॅरेज हाताने मागे नेतो आणि पुन्हा पकडतो. इथे सोडलं की संपलं, टूल पुन्हा त्याच चरीत येईलच असं नाही. म्हणून नट न सोडता मशीनच उलटं फिरवून मागे यायचं. पुढे जा, टूल बाहेर काढा, उलटे या, टूल थोडं आत घाला, पुन्हा पुढे. मास्तर हे न कंटाळता करत होते. रॉकेलचा एक थेंब, एक चंदेरी कुरळी शेव, उलटं, पुन्हा थेंब. मराठीत 'आटापिटा' हा शब्द कुणी घडवला असेल त्याने असाच कुठल्या तरी गाळ्यात उभं राहून घडवला, असं माझं मत आहे. व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी रागावू नये.

पार्टिंग करताना, म्हणजे दांड्यापासून कापून काढताना, तयार टोपी टणकन खाली पडली आणि शेवांच्या ढिगात गडप झाली. आम्ही दोघे आणि गाळ्यातला पोऱ्या, तिघेही गुडघ्यांवर बसून शोधत होतो. चुंबक उपयोगाचा नाही, अ‍ॅल्युमिनियम ना! शेवटी ती मास्तरांच्या चपलेच्या अंगठ्यात सापडली. मास्तरांनी पैसे सांगितले आणि मग स्वतःच कमी केले. "उडलं तर सांगा," म्हणाले.

उडायचं दूरच, इंजिन पेटेना. मागच्या व्हरांड्यात एका जुन्या पाटावर ते स्क्रूने बसवलं होतं. प्लग लाल होत होता, पंखा फिरत होता, पण आतून नुसता सुस्कारा यायचा. कारण माझंच. इंजिनात पिस्टन वर आल्यावर जी जागा उरते तिच्यावर सगळा खेळ. दाब आठ पट हवा असेल तर ०.८२ सीसीच्या इंजिनात वर उरायची जागा ०.१२ सीसीहूनही कमी, पाण्याचे दोन-सव्वादोन थेंब. टोपीचा पोकळ भाग मी नीट मोजून घेतला होता, पण ज्यात तार बसते ते प्लगच्या पोटातलं भोक हिशेबात धरलंच नव्हतं. आईच्या इन्सुलिनची रिकामी सिरिंज घेतली, ४० युनिटांची, आणि रॉकेल भरत गेलो. पावणेपाच युनिटं मावायला हवी होती, सात मावली. म्हणजे दाब पावणेसहा पट. आणि माझ्या इंजिनाला तर उलट जास्तच दाब हवा होता. कारण अमेरिकेत या पोरांना नायट्रोमिथेन घातलेलं इंधन पाजत वाढवलेलं. इथे मला नायट्रोमिथेन परवडत नाही आणि सहज मिळतही नाही. मी देतो ते ऐंशी भाग मिथेनॉल आणि वीस भाग एरंडेल. जागतिक स्पर्धांच्या काही वर्गांत हेच साधं इंधन सक्तीचं असतं, असं मी इंजिनाला समजावून सांगितलं. पण श्रीखंडपुरीवर वाढलेल्याला वरीचे तांदूळ वाढले की तोंड वाकडं होणारच. मग दाब वाढवून भरपाई करावी लागते.

पुन्हा भोसरी. मास्तरांनी टोपीची बैठक पाऊण मिलिमीटरला थोडी कमी अशी कातून दिली. आता टोपी खोल बसली, इतकी की पुढच्या खेपेला इंजिन चक्क सुरू झालं. पण उलटं. या बेब बीच्या पोटात हवा आत घ्यायला पातळ पत्र्याची झडप असते, तिला उजवं-डावं कळत नाही. दाब जास्त झाला, स्फोट लवकर झाला, की इंजिन मागे लाथ मारतं आणि तिकडेच आनंदाने पळत सुटतं. पंख्याचा वारा इंजिनाच्या पाठीवर जायच्या ऐवजी माझ्या तोंडावर आला, त्याबरोबर एरंडेलाचे तुषारही. टाकीतलं संपेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. उलटं का होईना, चालत होतं.

मग तांब्याच्या पत्र्याचे ०.१ मिलिमीटर जाडीचे वॉशर कापायला बसलो. एक वॉशर वाढवला की आतली जागा सात टक्क्यांनी वाढते. एक घातला, उलटंच. दुसरा घातला, एकदा सुलट, एकदा उलट, बोटाला एक फटका. तिसऱ्या वॉशरला, संध्याकाळी सहाच्या सुमारास, इंजिनाने एक खाकरा काढला आणि सुलट सुटलं. मिनिटाला दहा हजारांच्या वर फेऱ्या. मोठ्या आकाराच्या डासाला न्याय मिळाल्यासारखा आवाज. मी थरथरत्या हाताने सेलचा चिमटा काढला. आवाज तसाच राहिला, उलट थोडा वर चढला. आत दोन सुतांच्या प्लगमध्ये तार आपली आपण लाल होती. कॉलनीतली दोन कुत्री भुंकायला लागली, समोरच्या गच्चीवरून कुणीतरी डोकावलं. पाटावर काळसर तेल ओघळलं आणि त्या जळक्या एरंडेलाचा गोडसर, जडसर वास घरभर पसरला.

हा वास माझ्या ओळखीचा होता, इंजिनाच्याही आधीचा. लहानपणी महिन्यातल्या एका रविवारी आई आम्हा तिघा भावंडांना ओळीने बसवून सुंठीच्या काढ्यात एरंडेल द्यायची; नाक दाबायची, आणि ते घोटलं की नाही हे गळ्यावर बोट ठेवून बघायची. आता ती शहाऐंशी वर्षांची आहे. कमी ऐकू येतं, त्यामुळे इंजिनाची तिला तक्रार नव्हती. पण आतल्या खोलीतून तिची हाक आली.

"अरे, एरंडेल कुणाला दिलंस?"

मी दारातून ओरडून सांगितलं, "इंजिनाला."

आतून थोडा वेळ काही आलं नाही. इंधन संपून इंजिन थांबलं होतं, त्यामुळे पुढचं मला स्पष्ट ऐकू आलं.

"मग आज त्याला मऊ भातच दे हो. आणि वर पाणी पिऊ देऊ नकोस."